पाचवी ओळ

१

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्यावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. खाली दिवसभर शिलाईच्या मशिनी चालत आणि वर बसणाऱ्याच्या तळपायाला फरशी बारीक थरथरत लागे. राजरत्नला त्याची सवय होती. वर यायच्या आधी तो सहा वर्षं खालीच कामाला होता. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नववीतून त्याची शाळा सुटली, ती सुटलीच. कारखान्यात कापलेल्या कापडाच्या बंडलांवर नंबराच्या चिठ्ठ्या लावायचं काम त्याच्याकडे होतं. अक्षर सुबक आणि बोलणं जवळजवळ नाहीच. मालक हरेशशेठना असाच माणूस हवा होता.

"साईं, एक बात याद रख," शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बिना नंबर का बंडल किसी का नहीं होता. और जो किसी का नहीं, वो गया समझ."

तेव्हापासून नंबर नसलेली वस्तू दिसली की राजरत्नला चैन पडत नसे.

जिन्यात ठेवलेल्या बंडलांवर एकदा डॉक्टर जिज्ञासा मॅडमनी ते अक्षर पाहिलं आणि त्याला वर बोलावून घेतलं. मॅडम मनोविकाराच्या डॉक्टर. मुंबईतल्या एका संस्थेचा अभ्यास त्या इथं चालवत होत्या. मनाच्या दुखण्यातून उठणारा माणूस आणि त्याच्या घरची माणसं, यांच्या शरीरात ताण किती साठतो, हे लाळेवरून मोजायचं. राजरत्नचं काम सोपं होतं. शनिवारी घरोघर नळ्यांचा ट्रे पोचवायचा. रविवारी त्या माणसांनी नळीतला कापसाचा बोळा तोंडात धरून मिनिटभर चावायचा आणि परत नळीत टाकायचा. सोमवारी यानं त्या नळ्या बर्फाच्या पेटीतून गोळा करून आणायच्या. दिवसातून चार वेळा: उठल्या उठल्या, मग अर्ध्या तासानं, मग दुपारच्या जेवणाआधी आणि शेवटी झोपताना. चावताना बोलायचं नाही. मिनिट म्हणजे पुरं मिनिट.

"माणूस खोटं बोलेल, बोळा बोलत नाही," मॅडम म्हणायच्या. कागदावर रेघ काढून त्यांनी त्याला समजावलं होतं. धडधाकट माणसाच्या अंगातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं रसायन, सकाळी झपकन चढतं आणि रात्रीपर्यंत हळूहळू उतरतं. ती रेघ राजरत्नला अंबरनाथहून दिसणाऱ्या मलंगगडासारखी वाटली, एकीकडून सरळ उभी आणि दुसरीकडे उतरत गेलेली.

"आणि आजारी माणसाची?" त्यानं विचारलं. मॅडमना त्यानं आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"पुष्कळदा डोंगरच नसतो. सपाट."

२

अंबरनाथमधली चार घरं, बदलापुरातली तीन. त्यात कुळगावातलं एक घर आगरी कुटुंबाचं. जुन्या घराला पुढून सिमेंटचा ओटा आणि स्लॅबची खोली जोडलेली, मागची खोली मात्र तशीच, मातीच्या भिंतींची. घरात चार माणसं. म्हातारा जनू, त्याची बायको पुतळाबाई, त्यांचा मुलगा प्रीतम आणि सून भाविका.

पाचवी होती भाविकाची तीन वर्षांची मुलगी काशी. पण ती घरात नव्हती. सहा महिन्यांपूर्वी भाविका एके दिवशी सकाळी ओट्याच्या पायरीवर मुलीला घेऊन बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. कोणी जवळ आलं की मुलीला आणखी घट्ट धरायची. शेवटी चौघांनी मिळून सोडवली तेव्हा पोरीच्या दंडावर बोटांचे निळे वळ होते. कशाची भीती वाटते, हे भाविकाला सांगता येत नव्हतं. नुसती वाटत होती. मॅडमकडे उपचार सुरू झाले आणि काशीला मुरबाडकडे मामाच्या घरी ठेवलं. भाविकाला बरं वाटल्याशिवाय मुलीला आणायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. त्या घरात सगळे दिवस मोजत होते ते एवढ्याचसाठी.

राजरत्न पहिल्यांदा गेला तेव्हा भाविका भिंतीला टेकून बसली होती. त्यानं ट्रे उघडून दाखवला. पाच ओळी, प्रत्येक ओळीत चार नळ्या.

"पहिली ओळ काकांची, दुसरी आजींची, तिसरी दादाची, चौथी वहिनींची," तो खाली बघत म्हणाला.

"न ही पाचवी?" पुतळाबाईनं विचारलं.

"ती कोणाची नाही, आजी. जास्तीची आहे. एखादी नळी पडली-बिडली तर."

"कोनाची नाय म्हंजे? घरान आनलीस नं? मंग तिला धनी पायजे."

"अगं आये, ते स्पेअर असतं," प्रीतम हसला. "रिक्षाला स्टेपनी असते ना, तसं."

"तुजी रिक्षा तुज्यापाशी ठेव."

पुतळाबाईनं पाचवी ओळ ट्रेमधून अलगद काढून घेतली. त्या घरात काहीही शिजलं, गोडधोड असो की सुकट-भाकरी, पहिलं एक पान मागच्या खोलीत मांडलं जाई. कोणासाठी, असं कोणी विचारत नसे. पुतळाबाईला तिच्या सासूनं दाखवलं होतं, तिनं भाविकाला दाखवलं. घटकाभरानं पान उचलून गाईला घालायचं. आज सगळ्यांना वाटणी होत होती, तर त्यातलीही एक वाटणी तिनं मागं नेली. तांदळाच्या पिंपांच्या आड एक लाकडी पाट होता. त्यावर चार नळ्या तिनं नीट मांडल्या, जशी वाटी-भांडं मांडावं तशा.

"सोमवारी परत द्या पण," राजरत्न म्हणाला.

"दीन की. खाऊन नाय टाकीत आमी."

३

सोमवारी त्यानं ऑफिसच्या टेबलावर नळ्या मोजल्या. सोळा ओल्या, चार कोऱ्या, असा हिशोब. पण ओल्या निघाल्या वीसच्या वीस.

त्यानं पाचव्या ओळीतली एक नळी उजेडात धरली. बोळा दबलेला होता, दातांच्या खुणा स्पष्ट होत्या आणि तळाशी धाग्यासारखी लाळ उतरली होती. चारही नळ्या तशाच. इतर नळ्यांवर प्रीतमच्या वाकड्यातिकड्या अक्षरात वेळ लिहिलेली होती. या चारांवर काहीच नव्हतं.

प्रीतमनं गंमत केली असणार, असं त्याला वाटलं. नाहीतर म्हातारीनं मांडलेलं वाया जाऊ नये म्हणून स्वतःच दुसऱ्यांदा चावलं असणार. हे दुसरं जास्त पटण्यासारखं होतं. नाव नसलेली नळी टाकून द्यायची, असा ऑफिसचा नियम होता. कचऱ्याची पिवळी पिशवी त्याच्या हाताशीच होती.

त्यानं नळ्या पिशवीवर धरल्या आणि त्याच्याच्यानं सोडवेना. खाली मशिनी चालू होत्या. कोणीतरी एक मिनिट पुरं चावून, झाकण घट्ट लावून दिलेली वस्तू होती ती. त्यानं पेन घेतलं आणि घराच्या नंबरापुढं सुबक अक्षरात ०५ घातलं. रजिस्टरमध्ये एक ओळ वाढवली. नाव: रिकामं. नातं: या रकान्यापाशी तो जरा थांबला, मग त्यानं लिहिलं, 'नातेवाईक'.

पुढच्या सोमवारीही वीस ओल्या आल्या. त्याच्या पुढच्याही.

४

सहाव्या आठवड्यात मॅडमनी त्याला बोलावलं. समोर कुळगावच्या घराचे तक्ते पसरलेले होते.

"बस. हे बघ, भाविका." त्यांनी बोट ठेवलं. पहिल्या आठवड्याची रेघ जमिनीसारखी सपाट होती. दुसऱ्यात जरा उंचवटा होता आणि सहाव्यात चक्क डोंगर. "गोळ्या त्याच आहेत, डोस तोच आहे. इतक्या लवकर मी नव्हतं पाहिलं हे. आणि नवरा, सासू, सासरा, सगळ्यांचंच सुधारलंय. असंच राहिलं तर पंधरा दिवसांनी मुलीला आणू."

राजरत्नला मनापासून आनंद झाला. मॅडमनी पाचवा कागद ओढला.

"आता हा शून्य-पाच. हा कोण?"

"नातेवाईक आहेत."

"ते वाचलं मी. आधी कुठल्या यादीत नव्हता. सहीही नाही याची." त्यांनी चष्मा वर केला. "तू पाहिलंयस याला?"

राजरत्ननं कागदाकडे पाहिलं. कागदावर डोंगर नव्हता, पण ती जमिनीची सपाट रेघही नव्हती. रेघ कागदाच्या वरच्या काठाला चिकटून सरळ गेली होती, सकाळी, दुपारी, झोपताना, सारखीच. आणि दर आठवड्याला आणखी थोडी वर.

"हा माणूस झोपत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "नमुन्यात भेसळ असेल असं समजून लॅबला दोनदा तपासायला लावलं. नाहीये. माणसाचीच लाळ आहे. आणि एवढी भीती अंगात घेऊन माणूस फार दिवस उभा राहत नाही. राजरत्न, हा नियम आपल्या मर्जीचा नाही. ज्याचा आकडा इतका वर जाईल त्याला समक्ष भेटायचं, दहा प्रश्न विचारायचे, मदत हवी का म्हणून विचारायचं आणि माझ्याकडे आणायचं. रविवारी तू तिथं जा. नळ्या चावायच्या वेळेलाच जा."

त्यानं मान हलवली. आपण नातं मनानं लिहिलं, हे त्याला सांगता आलं नाही. जिना उतरताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. लॅब म्हणते माणसाचीच. म्हणजे म्हातारीची. पण म्हातारीची स्वतःची रेघ तर छान डोंगरासारखी होती.

५

रविवारी साडेबाराला तो कुळगावात पोचला. भाविका चुलीपुढं होती, केस नीट विंचरलेले, गालावर जरा मांस आलेलं.

"या भाऊजी. आज जेवूनच जायचं. दर वेळी पळता."

"नाही वहिनी, मी ते..."

"लाजतोय बघ कसा," जनू खाटेवरून म्हणाला. "आमचे प्रीतमला जरा दे तुजी लाज. त्याचे अंगान उरली नाय."

चौघं पुढच्या खोलीत ओळीनं बसले. प्रीतमनं मोबाइलवर मिनिट लावलं. चार बोळे चार तोंडांत गेले आणि खोलीत एकदम शांतता झाली. बोळा चावल्याचा एक आवाज असतो. ओल्या कापसाचा बारीक करकर आवाज. शेकडो वेळा ऐकून राजरत्नला तो पाठ झाला होता. तो सगळ्यांच्या तोंडांकडे बघत बसला. पुतळाबाई डोळे मिटून चावत होती. जनूची कवळी मध्येच टकटक वाजत होती.

मोबाइल वाजला. चौघांनी बोळे काढून नळ्यांत टाकले. झाकणं लागली.

करकर चालूच होती.

मागच्या खोलीतून येत होती. घाईघाईनं चावल्याची, मध्येच थांबून कानोसा घेतल्याची आणि पुन्हा चावल्याची. राजरत्ननं मोजलं. नऊ, दहा, अकरा. मग नळीवर झाकण बसल्याचा टक् आवाज झाला.

कोणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं.

"उंदीर," प्रीतम म्हणाला. "तांदळाला येतात. पिंजरा आणायचाय."

जनूनं रिमोट घेऊन टीव्ही लावला.

राजरत्न उठून मागच्या दारापर्यंत गेला. मागच्या खोलीत एक छोटी खिडकी होती, तिच्यातून दुपारचं ऊन पिंपांवर पडलं होतं. पाट दिसत होता. पाटावर केळीचं पान, त्यावर भात आणि कालवण, पानाशेजारी चार नळ्या. तिसऱ्या नळीच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. बाहेर अंगणात उघडणारं दार आतून कडी लावून बंद होतं. तो उंबऱ्यातच उभा राहिला. त्या खोलीत कोणी नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. पण त्याच्या मानेवर काटा आला होता, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला भीती वाटत नव्हती.

भाविका पाठीमागून आली.

"तुम्हालापण कळतं ना?" तिनं हळूच विचारलं.

"काय, वहिनी?"

"कसं सांगू... मला आता नाही वाटत भीती. खरंच नाही. झोप लागते, भूक लागते. पण घरात भीती आहे. शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास येतो ना आपल्याला, तसं कळतं. कोणाला तरी वाटतेय." ती थोडा वेळ पाटाकडे बघत राहिली. "वाईट वाटतं. पण काशी येणार आहे माझी. मग मी तिकडं बघतच नाही."

६

"भेट झाली नाही," एवढंच त्यानं सोमवारी मॅडमना सांगितलं. त्यांनी दहा प्रश्नांचा कागद त्याच्या हातात ठेवला आणि पुढचा रविवार ठरवून दिला. काशीला त्याच रविवारी आणायचं नक्की झालं होतं.

आठवडाभर राजरत्न अंबरनाथच्या आपल्या खोलीत विचार करत राहिला. आई भिमाबाई दोनदा म्हणाली, "कोणाशी भांडून आलास का रे? बोलत नाहीस, ते एक समजलं. पण जेवतही नाहीस." लहान मूल त्या घरात राहायला येणार. मागच्या खोलीत ते जे काही आहे, ते आपण नंबर देऊन बसवलं. आपणच उठवावं. शनिवारी ट्रे देताना त्यानं पाचवी ओळ काढून स्वतःच्या पिशवीत ठेवली.

पुतळाबाईनं ट्रे पाहिला. "चारच?"

"आता जास्तीची लागत नाही, आजी."

"मांडलेला पान आपुन उचलू नाय, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "जेवनारा उठला का मंगच उचलायचा."

रविवारी सकाळी दहाला प्रीतमचा फोन आला. आवाज फुटलेला.

"राजभाऊ, मॅडमचा फोन लागत नाय. भाविका पायरीवर बसलीय पहाटेपासून. उठत नाय, बोलत नाय. दार धरून बसलीय नुसती. अरे, बारा वाजता पोरगी येते माझी! मामा निघाला तिला घेऊन. तिला असं बघितलं ना त्यानं, तर परत नाय पाठवणार तो. मी काय करू?"

राजरत्ननं पिशवी गळ्यात अडकवली आणि स्कूटर काढली. अंबरनाथ ते कुळगाव त्यानं मध्ये कुठंच विचार केला नाही. पायरीवरची भाविका त्याला ओळखतही नव्हती. दाराच्या चौकटीवर तिची बोटं पांढरी पडली होती. तो तिला ओलांडून आत गेला, थेट मागच्या खोलीत, आणि चार नळ्या पाटावर ओळीनं मांडल्या.

उठून वळला तोच पिंपाच्या आड, पाटाच्या कडेला, एक टाच दिसली. मळलेली, भेगा पडलेली, अगदी साधी टाच. त्यानं पाहिलं आणि ती आत ओढली गेली.

पुढून प्रीतमचा आवाज आला, "उठली! आये, उठली ती! पाणी आन!"

७

त्याला निघून जाता आलं असतं. पण त्याच्या खिशात दहा प्रश्नांचा कागद होता, आणि ज्याचा आकडा वर गेला त्याला विचारायचंच, असा नियम होता. त्याहून खरं सांगायचं तर त्याला ती टाच विसरता येईना. घाबरलेलं माणूस पाय असाच ओढून घेतं.

तो जमिनीवर मांडी घालून बसला, पिंपाकडे तोंड करून. पुढच्या खोलीत भाविकाचा आवाज ऐकू येत होता. ती प्रीतमला ओरडत होती, गोडाचं काही आणलं नाही म्हणून.

"मी राजरत्न," तो म्हणाला. "प्रश्न विचारतो. घाई नाही."

पिंपाआड बोळा चावल्याचा आवाज सुरू झाला.

त्यानं वाचायला घेतलं. गेल्या महिन्यात किती वेळा असं वाटलं, की गोष्टी हाताबाहेर गेल्या? किती वेळा मन अस्वस्थ झालं? किती वेळा वाटलं, की अडचणींचा ढीग झालाय आणि तो आपल्याला उपसणार नाही? प्रत्येक प्रश्नानंतर तो थांबायचा. चावण्याचा आवाज प्रत्येक वेळी जरा संथ होत गेला. दहाव्या प्रश्नाच्या खाली एक ओळ होती. तीही त्यानं वाचली.

"तुम्हाला मदत हवी आहे का?"

आवाज थांबला.

ऊन पिंपावरून वीतभर सरकलं असेल. मग एक नळी जमिनीवरून घरंगळत आली आणि त्याच्या गुडघ्याला लागून थांबली. दुपारची, तिसऱ्या नंबरची. आतला बोळा कोरडा होता. पांढरा, फुगीर, दात न लागलेला. त्याच क्षणी मागच्या दाराची कडी निघाली. दार हातभर उघडलं, अंगणातला उजेड आत आला आणि मध्ये कशानं तरी अडून पुन्हा मोकळा झाला. राजरत्ननं फक्त पाठ पाहिली, तीही अर्धी. वाकलेली. चालताना ती एकेक पाऊल चाचपून टाकत होती, फार दिवस बसून राहिलेल्या माणसासारखी.

गेलं. बरं झालं, असं त्याला वाटलं. त्याला खरोखर बरं वाटलं.

ओट्यापुढं रिक्षा थांबली. "काशी आली गं!" पुतळाबाई ओरडली. लहान चपलांचा फटफट आवाज आला. "आलं माझं पिल्लू, आलं माझं..." भाविका म्हणत होती, आणि मध्येच तिचे शब्द तुटले. मग प्रीतमचा दबका आवाज, "भाविका, सोड. अगं, हळू धर तिला. भाविका." आणि पोरीचं रडणं.

राजरत्नला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. पाट समोर होता, मांडलेला. त्याच्या हातात कोरडा बोळा होता. बिननंबराचं बंडल कोणाचंच नसतं, पण नंबर होता आणि बंडलच नव्हतं, असं कारखान्यात कधी घडलं नव्हतं. तो पिंपांच्या आड सरकला, पाटाशी बसला, पाय जवळ घेतले आणि बोळा तोंडात घातला. घड्याळात बघून त्यानं चावायला सुरुवात केली.

पहिले काही सेकंद नुसता कापूस लागला. मग ते आलं, त्या घरातलं भय. कुठून आलं ते कळलं नाही, कशाचं होतं तेही नाही. वर चढत गेलं आणि उतरेना. पुढच्या खोलीतला प्रत्येक आवाज त्याला आपल्याकडेच येतोय असं वाटू लागलं. त्यानं टाच आत ओढून घेतली.

पुढं पोरीचं रडणं थांबलं होतं.

"लागलं का माझ्या बाईला?" भाविका विचारत होती. तिचा आवाज मोकळा होता, भरून आलेला होता. "आता नाही हं. आता आई कधी घट्ट नाही धरणार. मामा, बसा ना, उभे का?" कोणीतरी हसलं. टीव्ही लागला.

मग पावलं आली. लहान, आणि मागून मोठी. काशी मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि तिनं पिंपांकडे बोट केलं.

"आई, तिथं कोण बसलंय?"

भाविकानं वाकून पाहिलं. चार हातांवरून तिनं सरळ राजरत्नच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिची नजर त्याच्यावर आली, पिंपांवर गेली, खिडकीवर गेली.

"मागचं दार कोणी उघडं टाकलं?" ती म्हणाली. आत येऊन तिनं दार लोटलं, कडी घातली आणि परत जाताना मुलीला कडेवर उचललं. "कोणी नाहीये, राणी. चल, पानं वाढलीत."

वहिनी, मी आहे, असं त्याला म्हणायचं होतं. पण बोळा तोंडात होता आणि चावताना बोलायचं नसतं. त्यानं घड्याळात पाहिलं. अजून वीस सेकंद बाकी होते.